जुना बंगला, नवी रचना (अमळनेर): मधली भिंत काढावी का?

बोरीकाठ

नमस्कार मंडळी. अमळनेरच्या जुन्या बंगल्याचं काम काढायचं आहे. पाडून नवं बांधायचं नाही हे घरात ठरलंय, तेवढा एक सल्ला सोडून बाकी सगळं ऐकायला तयार आहे.

बांधकाम १९६४ चं. तोंड पश्चिमेला, रस्ताही तिकडेच. पुढे ८ फूट रुंद ओसरी, सागाच्या खांबांवर मंगलोरी कौलं. मग मुख्य घर, उत्तर-दक्षिण ४२ फूट आणि पूर्व-पश्चिम ३० फूट. बाहेरच्या भिंती १४ इंची, आतल्या ९ इंची, वीट चुन्यात. घराच्या मधोमध उत्तर-दक्षिण एक सलग भिंत. तिच्या पुढे तीन खोल्या, मागे तीन, प्रत्येक साडेतेरा बाय पावणेतेरा. वर स्लॅब, उंची ११ फूट, जोतं २ फूट, खाली शहाबादी. संडास आणि न्हाणी मागच्या अंगणात, घरापासून २५ फुटांवर.

मनात असं आहे: मधली भिंत काढून मागचं स्वयंपाकघर आणि पुढची मधली खोली एक करायची. आईचं वय झालंय, तिच्या खोलीला लागूनच बाथरूम हवं. ओसरीला सरकत्या काचा लावल्या तर हॉल मोठा होईल. गच्ची गळते, खालून दोन ठिकाणी सळई उघडी पडली आहे; ठेकेदार म्हणतो, आहे त्या कोब्यावर आणखी एक कोबा मारून देतो. आणि आग्नेय कोपऱ्यातल्या खिडकीपासून एक तिरपी भेग वर जाते. दरवर्षी बुजवतो, दरवर्षी उघडते.

सुरुवात कुठून करू?

ओळंबा

भेगेपासून. बाकी चार गोष्टी हौसेच्या किंवा सोयीच्या आहेत, भेग म्हणजे घर काहीतरी सांगतंय. दोन प्रश्न. भेग उन्हाळ्यात रुंदावते की पावसाळ्यात? आणि वर रुंद आहे की खाली?

बोरीकाठ

मे महिन्यात सर्वांत रुंद, तेव्हा एक रुपयाचं नाणं उभं आत जातं. श्रावणापर्यंत केसाएवढी होते. वर रुंद, खिडकीजवळ बारीक.

पाणाड्या

त्या कोपऱ्याजवळ बाहेर काय काय आहे तेही लिहा. झाड, मोरी, नळाचा स्टँड, काहीही.

बोरीकाठ

कडुनिंब आहे, भिंतीपासून ९ फुटांवर, चांगला जुना. आणि न्हाणीचं पाणी एका उघड्या चरातून त्याच कोपऱ्याजवळून जातं.

ओळंबा

मग निदान बरंचसं झालं. वर रुंद आणि खाली बारीक तिरपी भेग म्हणजे कोपरा खाली बसतोय. उन्हाळ्यात उघडते, पावसाळ्यात मिटते, म्हणजे पायाखालची काळी माती वाळून आकसते आणि ओली झाली की फुगून कोपरा पुन्हा वर उचलते. कडुनिंब उन्हाळ्यात त्याच मातीतून पाणी ओढतो, म्हणून तिथेच जास्त आकसते. चरातल्या पाण्यामुळे एक बाजू ओली राहते, तिने फरक आणखी वाढतो. सिमेंटने कितीही वेळा बुजवा, सिमेंट हलत नाही आणि माती हलते. भेग तिथेच किंवा दोन इंच बाजूला उघडणार.

झाड तोडायची घाई करू नका. मोठं झाड एकदम काढलं की इतकी वर्षं कोरडी राहिलेली माती पाणी पिऊन फुगत जाते, आणि मग कोपरा उलट दिशेला उचलला जातो. त्यापेक्षा झाड आणि भिंत यांच्यामध्ये ५ फूट खोल चर खणून त्यात जाड एचडीपीई (प्लास्टिक) शीट उभी लावा आणि चर बुजवा. तो चर भिंतीपासून किमान ४ फूट लांब ठेवा, पायाच्या जवळ खणलं तर पायाच उघडा पडेल. झाडाची मुळं एकाच बाजूने, तीही एका वर्षात थोडीच तोडा, नाहीतर वादळात कडुनिंब घरावर येईल.

न्हाणीचं पाणी आजच्या आज बंद पाइपात घाला. आणि घराभोवती ३ ते ४ फूट रुंद फरसबंदी: खाली ६ इंच मुरूम कुटून, वर ३ इंच काँक्रीट, भिंतीपासून बाहेर उतार ५० ला १, म्हणजे ४ फुटांत जवळपास १ इंच. भिंत आणि फरसबंदीच्या सांध्यात सिमेंट भरू नका, डांबरी मिश्रण किंवा सीलंट भरा, कारण दोन्ही वेगवेगळं हलणार. भिंतीपाशी मुद्दाम कोरडं ठेवायचं नाही आणि ओलंही ठेवायचं नाही. ओल वर्षभर एकसारखी राहिली की माती शांत बसते.

मुरूम

आणि भिंतीला लागून जास्वंद, गुलाब, लॉन लावू नका. ठिबकचं एक ड्रिपर पायाशी सोडलेलं असलं तरी पुरतं. आपल्याकडे केळीला ठिबक घालता घालता घरालाही घालतात.

बोरीकाठ

भेग भरायची कधी मग?

ओळंबा

आधी मोजायची. भेगेवर तीन ठिकाणी काचेच्या पट्ट्या लावा, प्रत्येकीवर तारीख लिहा. मे ते सप्टेंबर एक पूर्ण चक्र बघा. न्हाणीचा चर बंद केल्यावर आणि फरसबंदी झाल्यावर हालचाल कमी झाली तर मग भेग दोन्ही बाजूंनी उकरून चुन्याच्या मसाल्यात भरा आणि दर तिसऱ्या थराच्या सांध्यात ६ मिमीच्या स्टेनलेस सळया आडव्या बसवा, भेगेच्या दोन्हीकडे दीड-दीड फूट आत. साधं लोखंड नको, चुन्यातल्या ओलीने गंजून फुगतं आणि सांधा स्वतःच फोडतं.

बोरीकाठ

समजलं. आता मधल्या भिंतीचं बोला. ठेकेदार म्हणतो, दोन दिवसांत पाडून बीम टाकतो.

ओळंबा

हाई काम सोपं नई शे भो.

आधी वजन बघा. मधल्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना साडेतेरा फुटी स्लॅब बसलेत, म्हणजे अर्धा-अर्धा धरून साडेतेरा फुटी पट्टा तिच्यावर येतो. ५ इंची स्लॅब, त्यावर ४ इंच कोबा, माणसांचा भार, आणि उघडणीच्या वर उरणारी ४ फूट भिंत. सगळं मिळून भिंतीच्या दर धावत्या फुटाला साधारण १ टन. चौरस खोलीत स्लॅब काही भार आडव्या भिंतींनाही देतो, पण जुन्या स्लॅबच्या सळ्या कशा टाकल्यात हे दिसेपर्यंत पूर्ण भार याच भिंतीवर धरायचा.

८ फुटांची उघडणी केलीत तर ८ टन बीमवर, प्रत्येक टोकाला ४ टन. हे ४ टन ९ बाय ९ इंचाच्या उघड्या विटेवर टेकवले तर चुन्यातली वीट चिरडते. सहसा बीम मोडत नाही, टेकणीखालची वीट फुटते आणि बीम खाली बसतो. म्हणून टोकाखाली काँक्रीटचा बेड ब्लॉक: २४ इंच लांब, ९ इंच रुंद, ८ इंच जाड, आत १० मिमीच्या चार सळ्या. बीम त्यावर दोन्हीकडे पूर्ण १ फूट टेकला पाहिजे. ब्लॉक ७ दिवस पाणी मारून पिकल्याशिवाय त्यावर काही ठेवायचं नाही.

लोखंडी_कोयंडा

बीम कुठला घेणार? २०० मिमी उंचीचा आय-सेक्शन (इंग्रजी I च्या आकाराची लोखंडी तुळई) ताकदीला पुरतो.

ओळंबा

पुरतो, पण एवढा जड नग आख्ख्या भिंतीत एकदम घुसवायचा म्हणजे पूर्ण ९ इंच जाडी एकाच वेळी कापावी लागते. त्यापेक्षा २०० चे दोन चॅनेल (इंग्रजी C च्या आकाराच्या तुळया) बरे. १० फुटांचा एक नग साधारण ६७ किलो, चार माणसं उचलतात. आणि मुख्य फायदा म्हणजे भिंत एका वेळी एकाच बाजूने उकरता येते.

क्रम असा. भिंतीच्या दोन्ही बाजूंना ३ फुटांवर टेकूची ओळ, दर ४ फुटांना एक जॅक, वर ४ बाय ४ ची तुळई. जॅक शहाबादीवर उभे करू नका. फरशीखाली भराव आहे, भार आला की फरशी तडकते, जॅक अर्धा इंच बसतो आणि तेवढ्यात स्लॅबला तडा जातो. खाली ९ इंच रुंद जाड फळ्या टाका, भार दोन-तीन जॅकमध्ये वाटला जाईल. जॅक घट्ट लावायचे, पण स्लॅब उचलायचा नाही.

मग एका बाजूने चॅनेल बसेल एवढी, ३ इंच खोल खाच; चॅनेल आत सरकवा, वरच्या फटीत दर फुटाला पोलादी पाचर ठोका आणि उरलेली फट नॉन-श्रिंक ग्राउटने गच्च भरा. साधा सिमेंट मसाला आकसतो, मग वरची भिंत आधी खाली येते आणि नंतर बीमवर बसते. तीन दिवस थांबा. मग दुसरी बाजू तशीच. दोन्ही चॅनेल आरपार १६ मिमी बोल्टने दर २ फुटांना बांधा. आणखी सात दिवसांनी खालची भिंत वरून खाली, हातोडा-छिन्नीने काढायची. ब्रेकर नको, चुन्याचा सांधा हादऱ्याने दूरपर्यंत सुटतो.

तुमची खोली पावणेतेरा फूट. ८ फूट उघडलंत तर दोन्हीकडे २ फूट ४ इंच भिंत राहते. याहून कमी ठेवू नका. तापी खोऱ्याचा हा पट्टा भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात धरलेला आहे, कोपऱ्यालगतची भिंतच घराला आडवं धरून ठेवते. "सगळीच काढा ना" असं कोणी म्हणालं तर त्याला आधी विचारा, पुढचा मजला चढवायचा का. या भिंतीवर मजला चढणार नाही. पुढे कधी वर खोली हवी असेल तर तिचे खांब वेगळे, पाया वेगळा.

भारवाहक भिंत कापणं म्हणजे साधी दुरुस्ती नाही. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीनुसार नगरपरिषदेची परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीचा नकाशा लागतो. वर दिलेले आकडे तुमच्या वर्णनावरून काढलेले आहेत, नकाशा घर बघूनच होईल.

खापर

बीमचं झालं असेल तर एका बाईचं ऐका. ८ फुटांची उघडणी केल्यावर मधे दार कसलं लावणार? खान्देशातलं स्वयंपाकघर आहे हे. शेवभाजीला काळा मसाला परतला, मिरची तळली की ओट्यापाशीच डोळ्यांना पाणी येतं, मग पुढच्या खोलीत सोफ्यावर बसलेल्यांनी काय करायचं? चार पाखांचं घडीचं दार बसवा, काचेचं चालेल. फोडणी देताना लावायचं.

आणि मागच्या दाराबाहेर पडवी ठेवा, १२ बाय ८ तरी. मांडे करायचे असले तर खापर गॅसवर बसत नाही, त्याला जमिनीवरची मोठी चूल लागते आणि समोर बसायला दोघींची जागा. भरताची वांगी तुराट्यांवर भाजायची, तो धूर घरात नकोच. चुलीखाली कडप्पा किंवा ग्रॅनाइट घालू नका, आचेने तडतड फुटतं. साध्या भाजक्या विटा मातीत बसवा, ३ बाय ३ फूट, तीन बाजूंनी ९ इंच उंच कठडा. सिलिंडर या पडवीत नको.

ओट्याची उंची उभ्याने पोळी लाटणाऱ्या बाईच्या कोपरापासून मोजा, कोपराच्या ४ इंच खाली. कारागीर सगळीकडे ३४ इंच करतात. तुमच्या घरी स्वयंपाक कोण करतं त्या बाईला उभं करून मोजा.

बोरीकाठ

ताई, पडवी आणि घडीचं दार दोन्ही नकाशात आलं. ओसरीच्या काचांबद्दल कोणीच बोललं नाही.

ओळंबा

काचा लावू नका. ही ओसरीच तुमचं पश्चिमेचं छत्र आहे. मेमध्ये आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास मावळतो. चार वाजता तो क्षितिजापासून जवळजवळ ४० अंशांवर असतो. ८ फूट रुंद ओसरी, साडेसात फुटांवर पागोळी, म्हणजे मागच्या भिंतीवर ऊन जेमतेम फूटभर चढतं. पाच वाजता २६ अंश, तेव्हा साडेतीन फुटांपर्यंत. म्हणजे भाजणारी दोन-अडीच तासांची वेळ फक्त संध्याकाळची, आणि ती वाळ्याच्या किंवा बांबूच्या पडद्याने अडते. पडदा बाहेरच्या खांबांच्या ओळीत लावा, आत नाही.

काचा लावल्या की तेच ऊन आत येईल, ओसरीची हवा कोंडेल आणि तापलेली हवा थेट १४ इंची भिंतीला टेकून रात्रभर आत झिरपत राहील. आज ओसरीतून वारा जातो म्हणून पुढच्या खोल्या राहण्यासारख्या आहेत.

फेज_न्यूट्रल

याला जोडून कूलरचं गणित. खोलीच्या घनफुटांचा निम्मा आकडा म्हणजे साधारण लागणारा सीएफएम (कूलर मिनिटाला किती घनफूट हवा फेकतो ते). तुमची एक खोली १९०० घनफूट, म्हणजे हजारभर सीएफएमचा कूलर पुरतो. दोन खोल्या एक केल्या की दुप्पट. घडीचं दार बंद असेल तर पुन्हा एकच खोली, म्हणजे ताईंचं दार इथेही कामाला आलं. कूलर बाहेरच्या हवेवर, समोरच्या भिंतीत वरची झडप उघडी. हवा बाहेर जायला वाट नसेल तर तासाभरात खोली दमट होते आणि लोक पाणीच बंद करतात.

वायरिंग पूर्ण नवं करा. लाइटला दीड स्क्वेअर (चौरस मिमी) ची तार, प्लगला अडीच, गीझर-एसीला प्रत्येकी स्वतंत्र चार. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावा, बाथरूम आणि पंपाचं सर्किट त्याच्यामागे आलंच पाहिजे. ९ इंची भिंतीत आडवी खाच मारू नका, वरची भिंत तेवढ्या पट्टीत बारीक होते. पाइप उभे खाली उतरवा, आडवं जाणं छताच्या सांध्यात किंवा केसिंगमधून.

अर्थिंगचा खड्डा काळ्या मातीत करताना एक गोष्ट. पावसाळ्यात रीडिंग सुंदर येतं. उन्हाळ्यात माती इलेक्ट्रोडपासून सुटते आणि तेच रीडिंग कुठल्या कुठे जातं. भोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरा आणि मेमध्ये पुन्हा मोजा. ५ ओहमच्या आत हवं.

चुनाभट्टी

गच्चीवर दुसरा कोबा मारणाऱ्या ठेकेदाराला एवढंच विचारा: १ इंच कोब्याचं वजन किती? दर चौरस मीटरला ५० किलो. ४ इंच म्हणजे २०० किलो. तुमची गच्ची १२६० चौरस फूट, म्हणजे ११७ चौरस मीटर. साडेतेवीस टन जास्तीचे. आणि माणसांच्या वावरासाठी गच्चीला धरतात ते दर चौरस मीटरला १५० किलो. म्हणजे सगळ्या पाहुण्यांना गच्चीवर कायमचं झोपवल्यापेक्षा जास्त. खाली गंजक्या सळ्या दिसतच आहेत.

जुना कोबा काढा. साधारण ४२० घनफूट, सुटा झाला की ६०० च्या घरात. ट्रॅक्टरच्या सहा-सात ट्रॉल्या. राडा गच्चीच्या मध्यावर साठवू नका, भिंतींच्या रेषेवर ठेवा आणि रोजच्या रोज खाली उतरवा. खाली स्लॅब दिसला की मग खरं कळेल.

ओळंबा

स्लॅबचं माझ्याकडे द्या. खालून हातोडीने ठोकत जा. खणखणीत वाजलं तर ठीक, भद्द वाजलं तिथे खडूने वर्तुळ. तिथलं सैल काँक्रीट सळईच्या मागे पाऊण इंच जाईपर्यंत काढायचं, नुसता वरचा पापुद्रा काढला तर सळईची पाठ गंजतच राहते. तारेच्या ब्रशने गंज घासून झिंकचा लेप, मग बाँड कोट, आणि तो ओला असतानाच पॉलिमरचा मसाला, एका वेळी अर्धा इंचच. जास्त जाड मारलं की स्वतःच्या वजनाने रात्री खाली पडतो. सळईची जाडी पावभागाहून जास्त गेली असेल तर शेजारी नवी सळई. त्या काळच्या सळ्या बहुधा साध्या गोल, त्यांची काँक्रीटवरची पकड कमी. म्हणून नवी सळई दोन्हीकडे चांगल्या काँक्रीटमध्ये लांब न्यायची.

चुनाभट्टी

वरचं पुढे. स्लॅबच्या भेगा भरून पॉलिमर-सिमेंटचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा, आणि पॅरापेटवर ९ इंच चढवून. कोपऱ्यात काटकोन ठेवू नका, मसाल्याची गोलाई द्या. मग ३ दिवस पाणी तुंबवून खालून बघा. नंतर उताराचा थर, १०० ला १. सगळा उतार एकाच बाजूला दिलात तर ३० फुटांत एका टोकाला साडेतीन इंच जाडी होते. त्याऐवजी मध्यरेषा उंच ठेवून दोन्हीकडे उतार, म्हणजे जास्तीत जास्त पावणेदोन इंच. तेवढं वजन वाचलं. पश्चिमेकडचं पाणी कौलांवर सोडू नका, कोपऱ्यातून ४ इंची पाइपने खाली. दोन पाइप हिशेबाला पुरतात, चार लावा, कडुनिंबाचा पाला दोन तरी तुंबवतोच.

वर पांढऱ्या तुकड्यांचं चायना मोझॅक. एकूण वजन जुन्या कोब्यापेक्षा कमीच भरेल.

खापर

आणि त्यावर बिबडे-पापड चांगले वाळतात, पांढऱ्यावर पाय पोळत नाहीत. गच्चीचा जिना मात्र बाईला परात घेऊन चढता येईल असा करा. पायरी ६ इंच, रुंदी ११.

ओळंबा

तो जिना घराला जोडू नका. दक्षिण बाजूला वेगळ्या पायावर, घर आणि जिना यांच्यात १ इंचाची फट, वर पत्र्याची पट्टी. जुना पाया इतक्या वर्षांत बसून झालाय, नवा पुढची काही वर्षं बसणार. एकत्र बांधले तर जोडावर भेग नक्की. जिन्याचा पाया काळी माती पूर्ण ओलांडून मुरमावर घ्या.

बोरीकाठ

आईच्या बाथरूमसाठी ईशान्येची मागची खोली धरली होती, ड्रेनेज जवळ पडतं म्हणून. आई म्हणते ईशान्येला संडास नको.

मुरूम

आई म्हणते म्हणजे विषय संपला.

पाणाड्या

आईंचं ऐकलंत तर ड्रेनेजचं काम वाढेल, पण घराला फायदाच होईल. वायव्येची पुढची खोली घ्या. तिच्या पश्चिमेकडून ५ फुटांचा पट्टा काढा. उत्तरेच्या कोपऱ्यात ५ बाय ८ चं बाथरूम, उरलेल्या साडेचार फुटांत कपाट. राहिलेली खोली आठ बाय पावणेतेरा, एका माणसाला पुरते. पश्चिमेची तापलेली भिंत बाथरूम आणि कपाटाच्या वाट्याला येते, पलंग आतल्या गार भिंतीला. झडप उत्तरेच्या भिंतीत. ओसरीकडची खिडकी बंदच करा.

आता पाइप. उत्तर भिंतीबाहेर पहिला चेंबर, भिंतीपासून ३ फूट लांब. तिथून जुन्या सेप्टिक टँकपर्यंत ५० फूट धरू. ४ इंची पाइपला ४० ला १ उतार म्हणजे ५० फुटांत १५ इंच. टँकचा इनलेट जमिनीखाली किती आहे?

बोरीकाठ

मोजला. २४ इंच.

पाणाड्या

मग ४० ला १ बसवायचा तर पहिला चेंबर ९ इंचांवर येतो, फार उथळ. वरून बैलगाडी सोडा, स्कूटर गेली तरी पाइप फुटेल. ६० ला १ घ्या, १० इंच लागतात, पहिला चेंबर १४ इंचांवर. हा कमीत कमी उतार आहे, म्हणून लेव्हल ट्यूबने दर १० फुटांना तपासा आणि दर १५ फुटांना चेंबर. पाइपात कुठेही पोट पडलं की तिथे साचणार.

भिंतीतून ४ इंची पाइप थेट चिणू नका. आधी ६ इंची पाइपचा तुकडा भिंतीत बसवा आणि ४ इंची त्याच्यातून सोडा. बाहेरचा पहिला सांधा रबर रिंगचा. काळी माती हलली की चिणलेला पाइप भिंतीपाशीच कापल्यासारखा तुटतो, आणि गळती कळते ती थेट भेगेतून.

बाथरूमची जमीन खोलीपेक्षा फक्त अर्धा इंच खाली, उंबरठा नाही, दार बाहेर उघडणारं आणि मोकळी रुंदी पावणेतीन फूट. आतली नवी भिंत ४ इंची हलक्या ब्लॉकची. आधाराचा दांडा जमिनीपासून ३२ इंचांवर. चुन्यातल्या विटेत साधा रावळप्लग धरत नाही, माणसाच्या वजनाने उपटून येतो. जाळीच्या नळीसकट केमिकल अँकर लावा, किंवा आरपार बोल्ट आणि मागे पट्टी.

बोरीकाठ

उत्तर भिंतीला आतून ३ फुटांपर्यंत लोणा आहे. टाइल लावून झाकतील म्हणतात.

चुनाभट्टी

झाकला की तो वर चढतो. ओल जमिनीतून विटेत येते, पृष्ठावर सुकते आणि मीठ मागे ठेवते. खाली सिमेंट प्लास्टर किंवा टाइल लावलीत तर तिथून सुकू शकत नाही, मग साडेचार-पाच फुटांवर बाहेर पडते. आधी प्लास्टर लोण्याच्या रेषेच्या दीड फूट वरपर्यंत काढा, सांधे पाऊण इंच उकरा, कोरड्या ब्रशने मीठ झाडा. पाण्याने धुवायचं नाही, मीठ विरघळून परत आत जातं. फरशीच्या ६ इंच वर दर ५ इंचांना १२ मिमीची भोकं, सांध्यात, भिंतीच्या जाडीच्या ९० टक्के खोल, आणि त्यात सिलेनचं (ओल वर चढू न देणारं) क्रीम. मग उन्हाळाभर उघडी ठेवा. नंतर मुरलेला चुना १, सुरखी (विटांची पूड) १, वाळू २ चं प्लास्टर आणि वर चुन्याचाच हात. ॲक्रिलिक रंग किंवा पुट्टी लावलीत तर वर्षात फोड येतील.

बाथरूमच्या आतल्या बाजूला टाइल लागणारच, तिथे भोकांचं काम आधी पूर्ण होऊ द्या.

सुतारपक्षी

ओसरीच्या लाकडाचं राहिलं. खांब वरून चांगले दिसतात, खालच्या फूटभरात टोचा मारून बघा. पाव इंचाहून जास्त घुसला तर तेवढा भाग कापून दगडी तळखडा घाला, खांब आणि दगडामध्ये जाड पत्रा. खांब पुन्हा काँक्रीटमध्ये गाडू नका, तिथेच कुजतो. तुळयांची भिंतीतली टोकं बघा, बाहेरून दिसत नाहीत आणि कुजतात तीच.

कौलं उतरवताना शंभर चौरस फुटांना दीडशे धरा, तुमच्या ओसरीला सहाशेच्या वर लागतील; फुटतील ती मिळतीजुळती मिळायला वेळ जातो, आधीच जमवा. नव्या रिपा साडेबारा इंचांवर, पण आधी तुमचं कौल ठेवून बघा, जुन्या छापाची मापं थोडी वेगळी असतात.

वाळवीला: भिंत-फरशीच्या सांध्यात दर फुटाला १२ मिमीचं भोक, प्रत्येकात १ लिटर द्रावण. औषध इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के असेल तर ५ लिटर पाण्यात साडेदहा मिली. नवी फरशी घालण्याआधी करा, नंतर फरशीला भोकं पाडावी लागतात.

बोरीकाठ

खूप झालं, आभार. एवढं सगळं कुठल्या महिन्यात काय करू?

ओळंबा

पावसाळ्याआधी चर बंद, फरसबंदी, काचेच्या पट्ट्या, लोण्याचं प्लास्टर काढून भिंत उघडी. दिवाळीनंतर टेकू, चॅनेल, स्लॅबची दुरुस्ती, जिन्याचा पाया. ड्रेनेज त्याच्यासोबत. जानेवारीत वायरिंगचे पाइप आणि प्लास्टर. गच्चीचं काम होळीच्या आत संपवा. एप्रिलमध्ये सकाळी मारलेलं पाणी दहा वाजता उडालेलं असतं, ओली पोती टाकली तरी पुरत नाही, आणि मोझॅकखालचा थर केसभेगांनी भरतो. फरशी आणि रंग शेवटी. खर्चाच्या अंदाजावर पाचवा हिस्सा जास्तीचा ठेवा, कोब्याखाली काय निघेल ते आज कोणालाच दिसत नाही.

बोरीकाठ

शेवटचं एक. काचेच्या पट्ट्या कशाने चिकटवू? फेविकॉल चालेल?

ओळंबा

नाही, ते ताणलं जातं, काच फुटतच नाही. भेगेच्या दोन्ही बाजूंचं प्लास्टर खरवडून उघड्या विटेवर प्लास्टर ऑफ पॅरिसचे दोन गोळे, आणि त्यात पट्टीची टोकं. साधी २ मिमीची काच, ६ इंच लांब, १ इंच रुंद. मधला भाग भिंतीला चिकटू देऊ नका. फुटली की काढू नका, शेजारी नवी लावा आणि त्या दिवसाची तारीख लिहा.